जोतीरावांचा हौद आणि गावाचे गायरान



महात्मा जोतीराव फुल्यांची तसबीर तुमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागली असेल. नुकतीच दीक्षा घेतली असेल, तर कदाचित अजून लावायची राहिली असेल. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना गुरू मानले. शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरचा १९४६ सालचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, महात्मा ही पदवी, हे सारे जयंतीच्या भाषणांत दर वर्षी तुमच्या कानावर पडते. ते येथे पुन्हा सांगत बसत नाही. त्यांच्या आयुष्यातला एक धागा भाषणांतून सहसा सुटून जातो, तो आज हाती घ्यावा असे वाटते. जी वस्तू सर्वांची म्हणून सांगितली जाते, ती खरोखर कोणाच्या वाट्याला येते? तिचा पैसा कोण भरतो, आणि तिच्यावर ताबा कोणाचा? हा प्रश्न या माणसाने जन्मभर सोडला नाही.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला, पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरवली, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. फुलबागेसाठी पेशव्यांनी या कुटुंबाला इनाम जमीन दिली होती. ती तिघा भावांची. पण थोरल्याने ती एकट्याच्या नावावर करून घेतली. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांना भाजीपाल्याच्या दुकानावर संसार करावा लागला. चार जणांच्या सामाईकाचे एकाच्या नावावर कसे होते, याचा धडा घरातच होता. जोतीराव वर्षाचे होण्याआधी आई चिमणाबाई गेल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. शाळा मध्येच सुटली होती. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा बसले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. त्यापायी १८४९ साली सावित्रीबाईंसह वडिलांचे घर सोडावे लागले. मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. हा भाग तुम्हाला ठाऊक आहे.

आता पाण्याकडे येऊ.

जुन्या पुण्याला पाणी कात्रजहून येत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला गेला आणि तेथून दगडी बांधीव नळातून पाणी उताराने शहरात आणले गेले. पेठापेठांत हौद होते, त्यांत ते पडे. तलाव बांधला तो रयतेच्या साऱ्यातून, आणि साऱ्याचे धान्य पिकवण्यात, गावाची वेठ करण्यात महार-मांगांचा घाम इतरांपेक्षा कमी नव्हता. पण हौदावर त्यांनी घागर लावायची नाही! कोणी सवर्ण येईल, दया येईल, वरून ओतील, तेवढे घ्यायचे. तुमच्या घरात वयस्क आजी असेल तर तिला विचारा. तिने नाही तर तिच्या सासूने हे पाणी प्यालेले असेल.

येथे अर्थशास्त्रातली एक गोष्ट सोप्या शब्दांत सांगतो, कारण पुढे तिचे काम आहे. सर्वांच्या वस्तू दोन जातीच्या असतात. पहिली वापरल्याने संपत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली मी वाचले म्हणून तुमचा उजेड कमी होत नाही, रस्त्याने मी चाललो म्हणून तुमचा रस्ता आखूड होत नाही. अशा वस्तूपासून कोणाला दूर ठेवणे फार खर्चाचे असते, भिंत बांधा, पहारा बसवा. म्हणून ती सर्वांसाठी सरकारने किंवा गावाने करायची, असे पंडित सांगतात. दुसऱ्या जातीची वस्तू वापरल्याने संपते, जसे कुरणातले गवत, रानातले सरपण, उन्हाळ्यातले पाणी. तिला राखावे लागते, वाटणीचा नियम करावा लागतो.

पंडितांचे हे गणित आपल्या देशात एका जागी चुकते. माणसाला दूर ठेवण्याचा खर्च येथे शून्य आहे! पुण्याच्या हौदाला कुंपण नव्हते, पहारेकरी नव्हता. तरी महाराचा हात तेथे पोहोचत नव्हता. जात हे असे कुंपण आहे की ते बांधायला पैसा लागत नाही, आणि ज्याला अडवायचे तोच ते आपल्या मनात वाहून नेतो. असे कुंपण फुकट मिळाले की भरून वाहणारी सार्वजनिक वस्तूसुद्धा चार घरांची खासगी होऊन बसते.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराच्या आवारातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वतःचा हौद, स्वतःची जागा. याला कायदा लागला नाही की ठराव लागला नाही. एवढ्यात काय मोठे, असे आजच्या मुलांना वाटेल. पण हौद म्हणजे घरातले रोजचे पाणी. त्याच पाण्याने सावित्रीबाईंची चूल चालायची. ते पाणी प्यायला तयार असेल तोच पाहुणा घरी येणार, म्हणजे भाऊबंद आणि जातभाई तुटणार. हे सारे धरून त्यांनी तो उघडला. तो हौद पुण्यात त्यांच्या वाड्याच्या आवारात जपलेला आहे. पुण्याला जाल तेव्हा मुलांना घेऊन जा.

त्यानंतर ५५ वर्षांनी, १९२३ साली, रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुले केले. कागद ओला व्हायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढे तळे खासगी आहे म्हणून सवर्णांनी दावा लावला आणि तो उच्च न्यायालयात १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूने निकालात निघाला. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. तेथेही कसोटी तीच आहे: पूर्ण किंवा अंशतः राज्याच्या पैशावर चालते का, अथवा जनतेच्या वापरासाठी दिलेले आहे का. पैसा कोणाचा, हा प्रश्न आधी.

हाच प्रश्न जोतीरावांनी शाळेला लावला होता. त्यांच्या काळात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वेगळा घेत. त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांकडे जायचा. आणा भरायचा शेतकऱ्याने. शाळेत बसायचे कोणी? खेड्यात शाळाच नसे. असली तर पंतोजी वरच्या जातीचा, कुणब्याच्या पोराला मागे बसवणारा, महाराच्या पोराला ओसरीवरही न घेणारा. सरकारचा शिक्षणाचा मोठा पैसा शहरातल्या वरच्या शाळा-कॉलेजांकडे वळे आणि तेथे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लिहिणे-वाचणे होते त्यांची मुले शिकत. सरकारचे म्हणणे असे की वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले आणि हे झिरपणे कोठे दिसत नाही, हे साफ मांडले. महसुलाचा मोठा वाटा कष्टकरी रयत भरते, तेव्हा त्या पैशावर पहिला हक्क तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा. किमान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचे करा, महार-मांगांना जेथे शेजारी बसू देत नाहीत तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षणाला सार्वजनिक वस्तू म्हणून हिशेबात मांडणारा आपल्याकडचा हा फार जुना कागद आहे.

हिशेबाची त्यांची नजर पक्की होती, कारण ते नुसते लेखक नव्हते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा भाग होता. कात्रजच्या बोगद्याचे, येरवड्याच्या पुलाचे, खडकवासल्याच्या धरणाचे काम या मंडळींनी पाहिलेले. सरकारी बांधकामात पैसा कोठे गळतो, कारकून कोठे हात मारतो, मजुराची हजेरी कशी फुगते, हे त्यांनी चुन्याच्या ढिगाशेजारी उभे राहून पाहिले आणि त्यावर सडकून लिहिले. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० च्या सुमारास लॉर्ड लिटनच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चण्याची सूचना आली, तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोध केला. पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे. शहरात दारूच्या दुकानांची भर पडत होती, तिलाही त्यांनी विरोध केला. मोठ्या मंडईच्या इमारतीवर नगरपालिकेने पैसा ओतणे त्यांना पसंत नव्हते. ती मंडई १८८६ साली उघडली आणि १९३८ साली तिला त्यांचेच नाव दिले गेले! नाव देणाऱ्यांचा भाव चांगलाच होता, पण जोतीराव असते तर शेजारच्या शाळेची पटसंख्या आधी विचारती.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. गायरान.

१८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कायदा केला. डोंगर, टेकड्या, खोरी आणि त्यांच्याबरोबर पडीक जमिनी, गायराने यांवर फॉरेस्ट खात्याची हद्द पडत गेली. १८८३ साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. त्यात या हद्दीने गरिबाचे काय केले, ते त्यांनी घराघरात शिरून सांगितले आहे. ज्याची जमीन थोडी, जिच्यावर वर्षाचे पोट भरत नाही, तो पूर्वी काय करायचा? रानातली फळे, पाने, फुले आणायचा. मोडकी लाकडे वेचून विकायचा. गावच्या गायरानावर एक-दोन गाई, दोन-चार शेळ्या पाळायचा. यावर तो आपल्या गावात तग धरून राहायचा. फॉरेस्ट खात्याने हे सारे एका कलमाच्या फटक्याने बंद केले. शेळीला रानात फिरायलाही जागा उरली नाही. जनावर चुकून आत शिरले की कोंडवाडा आणि दंड. दुसऱ्याच्या हाताखाली काम करावे, तर साळी, कोष्टी, लोहार, सुतार यांचे धंदे विलायती मालाने आधीच बसवलेले. म्हणजे तो दरवाजाही बंद.

वाचकहो, या मांडणीत एक हिशेब दडलेला आहे, तो पाहा. गायरान सातबाऱ्याच्या दृष्टीने पडीक आहे, त्यावर सारा नाही, म्हणून सरकारला ते रिकामे दिसते. पण ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही त्याचे तेच शेत असते. मोठ्या कास्तकाराला गायरान गेल्याने थोडी अडचण होते, त्याच्या बांधावर चारा असतो, खळ्यावर कडबा असतो. भूमिहीनाची मात्र शेळीच जाते, म्हणजे त्याची अडीअडचणीची पेढीच बुडते. पोराच्या आजारपणात विकायला दाराशी काही उरत नाही. सर्वांची वस्तू बुडते तेव्हा नुकसान सर्वांचे सारखे होत नाही.

रानाचा नाश होतो आहे म्हणून सरकारने ताबा घेतला, हे साहेबांचे म्हणणे. याच विचाराचे नवे रूप १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन प्राध्यापकाने मांडले. कुरण सामाईक असले की प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो. फायदा एकट्याचा, झीज सर्वांची. शेवटी कुरण उजाड होते. तेव्हा एक तर सरकारने घ्यावे किंवा तुकडे पाडून खासगी करावे, असा त्याचा सूर होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनचे पाटपाणी यांचा अभ्यास करून दाखवले की लोक आपले नियम आपण करतात, राखण ठेवतात आणि शेकडो वर्षे सामाईक वस्तू टिकवतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

जोतीरावांचा उपाय १८८३ सालचा आहे. सर्व गायराने गावांना परत करा. सरपणाला आणि शेताच्या राबाला लागेल तेवढे नेऊ द्या. विकण्यासाठी इमारती लाकूड तोडायला मात्र बंदी करा. आणि हे जुलमी खाते मोडून टाका. पोटापुरता वापर मोकळा, बाजारासाठी तोड बंद, असा हा दोन कलमी नियम आहे. सामाईक वस्तूवर गरिबाचे पोट आणि व्यापाऱ्याचा नफा हे दोन भार वेगळे तोलले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. असूड पुरा झाल्यावर दोन वर्षांनी, १८८५ साली, ठाणे-कुलाब्याकडील रयतेच्या ओरडीमुळे सरकारला मुंबई इलाख्यात जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला.

पाण्याबाबतही त्यांची सूचना अशीच मापाची आहे. कालव्याचे खाते पाण्याचा आकार वसूल करते, पण पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते की नाही हे बघत नाही, ही त्यांची तक्रार. तेव्हा जमिनीच्या मानाने प्रत्येकाला एकेक तोटी करून द्या, म्हणजे कोणाला गरजेपेक्षा जास्त घेता येणार नाही. पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती, तेव्हा हे शहरात बसून काढलेले शहाणपण नव्हते. पलटणीतले आणि पोलिसांतले जादा लोक रिकामे बसवण्यापेक्षा त्यांच्याकडून ताली, बंधारे, तळी बांधून घ्या, पावसाचे पाणी जागेवर मुरवा, असेही त्यांनी सुचवले. आज पाणलोटाच्या कामांत हेच चालते. टोकाच्या शेताला पाणी न मिळणे हेही, दुर्दैवाने, चालूच आहे.

येथे मला एक शंका मांडावीशी वाटते, आणि ती मांडली म्हणजे गुरूचा अवमान होतो असे मी समजत नाही. गायरान गावाला परत करा, असे जोतीराव म्हणतात. पण गाव म्हणजे कोण? गावाच्या वेशीत पाटील आहे, कुलकर्णी आहे. महारवाडा वेशीबाहेर आहे. कलेक्टराच्या कुंपणातून सुटलेले गायरान जातीच्या कुंपणात अडकणार नाही कशावरून? जोतीरावांना कुलकर्ण्याची लेखणी चांगली ठाऊक होती, तिच्यावर त्यांनी जन्मभर आसूड ओढला. पण गावातल्या गावात महार-मांगाचा गायरानावरचा हक्क कोणी राखायचा, हे या नियमात आलेले नाही. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर जी टीका केली, ती याच ठिकाणी बोट ठेवते. म्हणूनच १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांची मागणी पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना कसायला द्या, अशी होती. गावाच्या भरवशावर राहण्याची त्यांची तयारी उरली नव्हती. यात सामाईक कुरण तुकड्यांत मोडते हे खरे आहे. पण ज्याला त्या कुरणात कधी बरोबरीने पाऊल टाकू दिले नाही, त्याला ते मोडू नको हे कोणत्या तोंडाने सांगायचे? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्या निकालातही सरकारी आदेशाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवाद सांगितला आहे. ज्यांच्या घरी असा पट्टा आहे त्यांनी तो कागद ट्रंकेत नीट जपून ठेवावा.

सार्वजनिक हा शब्द त्या काळी नवा होता. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. तिच्यात शेतकरी किती, महार-मांग किती, असे जोतीराव विचारीत, आणि उत्तर सर्वांना माहीत असे. तो शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या ताब्यात राहू दिला नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. ते डाव्या हाताने लिहू लागले. सर्व माणसांना, स्त्रीला आणि पुरुषाला, निर्मिकाने दिलेल्या वस्तूंवर सारखा हक्क आहे, हा त्या लिखाणाचा गाभा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. भाऊबंदांनी दत्तक मुलाचा, यशवंताचा, अधिकार नाकारला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक पुढच्या वर्षी, १८९१ साली, यशवंतरावांनी छापून प्रसिद्ध केले. त्याचे नाव सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक.